चार गाऱ्हाणी, एकच गाठोडं

राजापूर तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावातला हा मुलगा रत्नागिरीत बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात कॉलेजची पायरी चढलेला तो पहिलाच. वडील दुसऱ्याच्या होडीवर जातात, मोठा भाऊ मुंबईत नोकरीला. भाड्याच्या एका खोलीत तिघं राहतात आणि भाडं भागवायला हा संध्याकाळी पाच ते अकरा हॉटेलात काम करतो. गेल्या सत्रात दोन विषयांत केटी लागली, म्हणजे नापास झालेले ते विषय पुन्हा द्यायचे. शिष्यवृत्तीचा अर्ज भरून आठ महिने झाले, पैसे नाहीत. गणपतीपासून झोप उडाली आहे. कॉलेजच्या समुपदेशन कक्षाशी तो दोनदा गेला, दोन्ही वेळा दाराला कुलूप. ‘असल्या सोयी मुंबईत असतात, आमच्याकडे कोकणात काही नाही. भाऊ म्हणतो, सोड आणि ये. कॉलेज सोडू का? आणि मदत मागायची तरी कोणाकडे?’ असं त्याने विचारलं आहे. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

तुझं पत्र तीन पानांचं आहे. एक पान केटीवर, सव्वा पान शिष्यवृत्तीवर. आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी, घाईघाईत लिहिलेली एक ओळ: ‘कधी कधी वाटतं, मी नसतो तर घरच्यांचा खर्च तरी वाचला असता.’ मी तिथूनच सुरुवात करते.

हे वाटणं आज, आत्ता जोरात असेल तर पुढचं वाचू नकोस. खोलीतल्या दोघांपैकी ज्याच्याशी तुझं जमतं त्याला उठव आणि ही ओळ जशीच्या तशी त्याला वाचून दाखव. मग १४४१६ लाव. ही ‘टेली मानस’, केंद्र सरकारची सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली. फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. फोन लागला की भाषा निवडायची, मग शिकलेला समुपदेशक बोलतो आणि गरज वाटली तर पुढे मानसोपचार तज्ज्ञाशी किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयाशी गाठ घालून देतो. तोवरही थांबवत नसेल तर सरळ जिल्हा रुग्णालय गाठ, नाहीतर ११२ हा आपत्कालीन नंबर लाव. रात्रीचे तीन वाजले असले तरी.

आणि ती ओळ अधूनमधूनच डोकावत असेल, तरीही या आठवड्यात तो फोन करच. झोप नाही, भूक नाही, छातीत धडधड, हे तूच लिहिलं आहेस. एवढ्या दिवसांत हे आपोआप गेलेलं नाही.

तुझ्या पत्रात ‘वेड्यांचा डॉक्टर’ हा शब्द दोनदा आला आहे. रत्नागिरीत तो जरा जास्तच टोचतो, मला माहीत आहे. राज्यातल्या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक याच शहरात आहे आणि ‘ह्याला रत्नागिरीला न्या’ ही चेष्टा आपल्याकडे पोराटोरांच्या तोंडी असते. तू तर रत्नागिरीतच आहेस, म्हणजे निम्मी चेष्टा संपली! पण खरं सांगते, त्या रुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे. माणसं केसपेपर काढतात, डॉक्टरांशी बोलतात, गोळ्या घेतात आणि दुपारच्या एसटीने घरी जातात. तुला लगेच तिथे जायची गरज आहे असं मी म्हणत नाही. फक्त झोप उडालेल्या मुलाला कोणी उचलून आत टाकत नाही, एवढं मनाशी नक्की कर.

आता तुझा मुख्य प्रश्न. मदत कोणाकडे मागायची, असं विचारताना तू मनात एक चित्र धरलं आहेस. कुठेतरी मदतीची एक खोली असते, तिथे एक शहाणं माणूस बसलेलं असतं, आपण जायचं, सगळं ओतायचं आणि ते सोडवणार. तुझ्या कॉलेजात त्या खोलीला कुलूप आहे, म्हणून तुझ्या लेखी सगळंच बंद.

तुमच्या गावच्या देवळात गाऱ्हाणं घालतात ते तू पाहिलं असशील. गाऱ्हाणं घालणारा मोघम बोलत नाही. कोणाचं, कुठल्या वाडीचं, काय अडलंय, काय हवंय, झालं तर काय अर्पण करणार, सगळं एकेक करून सांगतो आणि मागचे दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. देवाला सगळं न सांगता कळतं असं मानणारी आपली माणसं, पण देवासमोरसुद्धा नेमकं बोलतात. तू वर्गशिक्षकांना काय म्हणालास? ‘सर, माझं जरा टेन्शन चाललंय.’ त्यांनी ‘अभ्यास कर, होईल सगळं’ म्हणून सोडलं. तुला वाटलं त्यांनी झटकलं. असेलही. पण मला वाटतं, मोघम प्रश्नाला मोघम उत्तर मिळालं.

माझीच एक गोष्ट सांगते. मी संगमेश्वरकडून शहरात शिकायला आले तेव्हा परीक्षा फीचे पैसे वेळेत आले नव्हते. तीन दिवस ऑफिसच्या खिडकीशी जात होते. क्लार्ककाका चष्मा कपाळावर ढकलून विचारायचे, ‘काय हवंय?’ मी म्हणायचे, ‘काही नाही, असंच.’ आणि परत. चौथ्या दिवशी शिपाईमामांनी बाजूला घेतलं. म्हणाले, ‘पोरी, असंच म्हणून कोण चार दिवस येतं का? पंधरा दिवसांची मुदत हवी म्हण.’ म्हटलं. काकांनी खणातून एक छापील अर्ज काढला आणि माझ्यापुढे सरकवला. तो खण माझ्यापासून दीड हातावर होता.

तर तुझ्याकडे एक अडचण नाही. चार आहेत. पैसे, केटी, झोप आणि ‘सोडू की राहू’. चारही एकाच गाठोड्यात बांधल्यामुळे ते कुठल्याच टेबलावर मावत नाही. गाठ सोड आणि एकेक वेगळं काढ.

पैशांपासून सुरू करते, कारण मला वाटतं बाकीच्या तिघांचं मूळ बरंचसं तिथे आहे. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या संकेतस्थळावर, शिष्यवृत्तीचा अर्ज तू कुठे बसून भरलास? बहुतेक सायबर कॅफेत. आणि मोबाइल नंबर? कित्येक मुलांच्या अर्जात नंबर कॅफेवाल्याचा असतो, पासवर्ड त्याच्या वहीत असतो आणि अर्ज भरल्यानंतर लॉगिन उघडलेलंच नसतं. ते उघड. अर्ज कॉलेजकडे अडलाय, खात्याकडे अडलाय की त्रुटी दाखवून तुझ्याकडेच परत पाठवलाय, ते तिथे दिसतं. परत आलेला असेल तर तू दुरुस्त करेपर्यंत तो जागचा हलणार नाही आणि ऑफिसवाले ‘वरून आले नाहीत’ एवढंच सांगत राहतील. ते खोटं बोलत नसतात.

अर्ज मंजूर दिसत असेल आणि पैसे नसतील तर बँक बघ. हे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यावर पडतात. कधीतरी गावात पोस्टवाल्याने खातं उघडून दिलं, आधार तिकडे जोडला गेला, आणि तू मात्र दुसऱ्याच बँकेचं पासबुक भरून आणतोयस, असं सर्रास होतं. ‘माय आधार’च्या संकेतस्थळावर कुठली बँक जोडलेली आहे ते कळतं. पाच मिनिटांचं काम आहे. आधी हे करून मग खिडकीशी जा.

जाताना तोंडी जाऊ नकोस. साध्या कागदावर चार ओळी: नाव, वर्ग, अर्ज क्रमांक, ‘माझा अर्ज अमुक तारखेपासून महाविद्यालयाच्या स्तरावर प्रलंबित दिसत आहे, कृपया कार्यवाही व्हावी.’ दोन प्रती काढ. एक दे, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, सही, शिक्का घे. ही पोच. कोणी ‘पोच कशाला हवी?’ विचारलं तर हसून म्हण, ‘घरी दाखवायची आहे.’ पोच घेणाऱ्या मुलाचा कागद गठ्ठ्यात वर राहतो, हा माझा अनुभव.

खोलीच्या भाड्याचं बोलायचं तर घरापासून लांब राहून शिकणाऱ्यांसाठी प्रवर्गानुसार वेगळ्या योजना आहेत. अनुसूचित जातींसाठी स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी स्वयम्, इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार, आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. प्रत्येकीच्या अटी निराळ्या आहेत: गुण, उत्पन्न, अंतर, अभ्यासक्रम. तू बसशीलच असं मी म्हणणार नाही, पण विचारलंच नाहीस तर नक्कीच नाही. कॉलेजात ‘समान संधी केंद्र’ असा फलक असेल तर तिथे, नाहीतर तुझ्या प्रवर्गाच्या जिल्हा कार्यालयात विचार. सामाजिक न्याय भवन म्हटलं की रिक्षावाला नेतो.

संध्याकाळचे सहा तास हॉटेलात उभं राहून कुठला मुलगा पास होणार, हे तुझ्या केटीचं उत्तर मला वाटतं. ‘मला गणित जमत नाही’ असं तू लिहितोस, पण बारावीला ते जमत होतं. विद्यार्थी विकास विभागाकडे ‘कमवा आणि शिका’बद्दल चौकशी कर. भाऊराव पाटलांनी मुलांना काम करत शिकायला लावलं त्या परंपरेतली ही योजना, हल्ली लायब्ररीत किंवा ऑफिसात दिवसाला दोन-तीन तास काम देते. पैसे हॉटेलाइतके मिळणार नाहीत, हे आधीच सांगते. पण परीक्षेच्या आधी दोन महिने हॉटेल सोडून हे, आणि पर्यटकांच्या मोसमात पुन्हा हॉटेल, असं मालकाशी बोलता येईल का ते बघ.

केटीवर जास्त लिहीत नाही. तुझ्या नावापुढे कोणीतरी पालक-प्राध्यापक नेमलेले असतात. ‘मेंटॉर’चं रजिस्टर येतं, सगळे सह्या करतात, कोणी बोलत नाही, कारण ते नॅकसाठी, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनासाठी, असतं असा सगळ्यांचा समज. आपल्या नावापुढे कोण आहे ते शोध आणि त्यांच्याकडे एक नेमकं काम घेऊन जा: ‘सर, या दोन प्रकरणांत अडलंय, आठवड्यातून अर्धा तास द्याल का?’ असं विचारल्यावर नाही म्हणणारा शिक्षक मी क्वचितच पाहिला आहे. उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि फेरतपासणीला मुदत असते, ती निकालाच्या परिपत्रकात असते. पुढच्या वेळी ते वाच.

आता तो कुलूपबंद कक्ष. ‘मंगळवार, गुरुवार, ३ ते ५’ असा फलक आणि खाली कुलूप. मला राग आला. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात स्पष्ट सांगितलं आहे: शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, आणि टेली मानससारखे नंबर वर्गात, वसतिगृहात ठळक लावलेले हवेत. म्हणजे तू उपकार मागत नाहीस. तरीही कुलूप पाहून लगेच तक्रार लिहू नकोस. आधी किल्ली कोणाकडे असते ते विचार. ग्रंथपाल, शिपाई, राष्ट्रीय सेवा योजनेचे (एनएसएस) सर, यांना ठाऊक असतं. बऱ्याचदा समुपदेशक बाहेरून येणारे असतात आणि कोणीच येत नाही म्हणून तेही येईनासे होतात. तू वेळ मागितलीस तर उघडेलही. दोन आठवडे खरंच उघडलं नाही तर मग कागद आणि पोच.

तक्रार करायचीच वेळ आली तर तिला रस्ता आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी, तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, पटलं नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येतं आणि त्यांनी ३० दिवसांत निकाल द्यायचा. प्रवेश, फी, शिष्यवृत्ती, निकाल, कागदपत्रं अडवून ठेवणं, हे सगळं तिथे चालतं. मनाची घालमेल मात्र तिथे चालत नाही. समितीपुढे जाऊन रडलास तर तेही गोंधळतील आणि तूही.

गावात कळेल, ही तुझी भीती मी हसण्यावारी नेत नाही. मुंबईत कोण कोणाला ओळखतं! आपल्याकडे क्लार्कची बहीण तुझ्या वाडीत दिलेली असते आणि संध्याकाळपर्यंत तिठ्यावर चर्चा होते. म्हणून दोन गोष्टी कर. फोन खोलीतून करू नकोस, मांडवीच्या जेट्टीवर जा, तिथे वाऱ्यात शेजारच्यालाही ऐकू येत नाही. आणि कोणाशीही मनातलं बोलायच्या आधी विचार: ‘हे तुमच्यापाशीच राहील ना?’ मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ ने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. डॉक्टर आणि तिथले कर्मचारी तुझ्या वडिलांनाही तुझ्या संमतीशिवाय सांगू शकत नाहीत, अगदी जिवाला धोका असल्याशिवाय. वर्गशिक्षकांना तो कायदा तसा बांधत नाही, म्हणून त्यांच्याकडे केटीचं बोल, झोपेचं फोनवर बोल.

मुंबईबद्दल तुझ्या मनात जे आहे त्यात थोडं तथ्य आहे. तिथे तज्ज्ञ जास्त, संस्था जास्त. पण १४४१६ तिथेही तोच नंबर, महाडीबीटीही तेच, आणि तुमचं विद्यापीठसुद्धा तेच मुंबई विद्यापीठ, ज्याचा एक उपपरिसर रत्नागिरीतच आहे. भावाच्या खोलीत तू पाचवा असशील. तिथे ‘आज का आला नाही?’ असं विचारणारा हॉटेलमालकही नसेल. तुझ्या मालकाने तुला दोनदा घरी पाठवून जेवायला लावलं, हे तू सहज लिहून गेलास. मी ते दोनदा वाचलं.

कॉलेज सोडू का, याचं उत्तर मी देणार नाही, आणि झोप उडालेल्या माणसाने तो निर्णय घेऊही नये. एवढंच सांगते: एलसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, काढू नकोस. रागाच्या भरात एलसी काढलेली मुलं मी पाहिली आहेत, परत यायला त्यांना वर्ष-दोन वर्षं लागली. थांबायचंच झालं तर आधी ऑफिसात विचार की टर्म कशी राखता येते. नव्या शैक्षणिक धोरणात तू मिळवलेले क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ या ऑनलाइन खात्यात सात वर्षांपर्यंत जमा राहतात, म्हणजे थांबणं आणि सोडणं यात आता बराच फरक आहे. शिमग्याला घरी जाशील तेव्हा भावाशी समोरासमोर बोल. तोवर तुझ्या हातात शिष्यवृत्तीची पोच असेल आणि निदान आठवडाभराची झोप झालेली असेल.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडक्यात. रॅगिंग असेल तर १८००-१८०-५५२२, नाव न सांगताही तक्रार घेतात. कोणी छेड काढत असेल, शिक्षक असला तरी, कॉलेजची अंतर्गत समिती कायद्यानेच असते. घरमालक डिपॉझिट बुडवत असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० लावा. मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्न न विचारता.

आणि तुला एक राहिलं. आई रोज रात्री फोनवर विचारते, ‘जेवलास काय रे?’ आणि तू न जेवताच ‘होय’ म्हणतोस, असं लिहिलं आहेस. आज जेवला नसशील तर तिला ‘नाय’ म्हण.